गेनूतात्यांच्या बेटाची शीव

गेनूतात्यांच्या जागेला कुणी 'टेकाड' म्हटलं की त्यांना ते ऐकूच येत नसे. दुसऱ्यांदा म्हटलं की ते पाठ फिरवीत. तिसऱ्यांदा म्हणणारा माणूस मी पाहिला नाही, कारण तिथून काठावर परत यायला वाहन एकच होतं आणि ते तात्यांच्या हातात होतं.

"बेट म्हना, मास्तर," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "टेकाडावर मानूस चढून येतो. हितं पाण्यातनं यावं लागतं."

वेळवंडी नदीच्या खोऱ्यात, भोर संस्थानच्या उंबरवाडीच्या शाळेवर मी नवा लागलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. उंबरवाड्या दोन होत्या, एक पाण्याखालची आणि एक पाण्यावरची. भाटघरला धरणाची नवी मोठी भिंत उभी राहिली तेव्हा पाणी मागे मागे सरकत जुन्या गावात शिरलं. माणसं उठली. निम्मी वर डोंगराच्या कडेला येऊन राहिली, ती नवी उंबरवाडी. बाकीची वरव्याला, आंबवड्याला, नसरापूरकडे, जिथे ज्याचा सोयरा होता तिथे पांगली. गेनूतात्या तेवढे कुठेच गेले नाहीत. त्यांच्या घरामागे त्यांच्याच मालकीचं एक टेकाड होतं (क्षमा असावी, बेट होतं) आणि त्याचा माथा बुडणार नव्हता. तात्यांनी घराची कौलं, वासे, म्हैस, बायको आणि तान्ही मुलगी एवढं सगळं त्या माथ्यावर नेलं आणि पाण्याची वाट पाहत बसले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पाणी चढलं, चारी बाजूंनी वेढा पडला, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे यमुनाकाकूंच्या शब्दांत सांगायचं तर, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा ह्यांचं त्वांड फुललेलं दिसलं."

या वेडाचं मूळ लांब होतं. जर्मनच्या पहिल्या लढाईत तात्या पलटणीत होते आणि त्यांची तुकडी एडनच्या बाजूला समुद्रातल्या एका उघड्याबोडक्या बेटावर पहाऱ्याला होती. त्या बेटाची हकिगत त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली की आज मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. झाड नाही, झुडूप नाही, नुसता भाजलेला खडक. येणाऱ्याजाणाऱ्या बोटींना कोळसा पुरवायचा, एवढा एकच धंदा. प्यायचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी उकळून धरलेली वाफ, तीही मापाने मिळायची. एक धक्का, एक बत्ती, एक झेंडा आणि हुकूम सोडायला एक गोरा साहेब. या साहेबाला फुलझाडांचा नाद होता. पण खडकावर माती कुठली? म्हणून त्याच्या कुंड्यांसाठी बोटीतून गोणी भरून माती येत असे आणि ती पाठीवरून वर वाहून नेण्याचं काम तात्यांकडे होतं.

"तुमास्नी सांगतो मास्तर," तात्या म्हणायचे, "उंबरवाडीच्या निम्मी बी जागा नसंल ती. पर आमची बोट लागली की इचारायचे, कोन, कुठला, कशापायी आला? आमच्या गावात एवढी काळी आई पसरलीया, कुनी कुनाला इचारतंय का?"

या एका विचाराने ते झपाटले होते. आल्यागेल्याला जिथे 'कोण, कुठला' विचारतात ते राज्य, मग ते केवढंही असो. तेव्हा स्वतःचं बेट मिळाल्यावर तात्यांनी तिथे रीतसर व्यवस्था लावली. धुण्याचा सपाट धोंडा होता तो धक्का झाला. वेळूच्या काठीला जुन्या पटक्याचा तुकडा बांधला तो झेंडा झाला. दिवेलागणीला त्याच काठीला कंदील टांगला जाई, ती बत्ती. यमुनाकाकू हा बेटावरचा विरोधी पक्ष. त्या म्हणत, "राकेल जळतंय राकेल. आन् बोट कुठली येतीया, तर बेडूक."

आरमारही होतं. ते म्हणजे गुऱ्हाळातली एक जुनी काहील. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. तळाला भोक पडून गूळ करपायला लागला तेव्हा गुऱ्हाळवाल्याने ती काढून टाकली आणि तात्यांनी ठिगळ मारून ती पाण्यात सोडली. काहिलीला ना पुढचं टोक ना मागचं. वल्ह्याऐवजी लाकडी खोरं. एकट्याने खोरं मारलं की ती जागच्या जागी गोल फिरे आणि गोल फिरत फिरतच, पाण्याच्या मर्जीने, केव्हातरी पलीकडे लागे. शिवाय इतकी वर्षं गूळ खाल्लेली, त्यामुळे तिच्या कानाकोपऱ्यात मुंग्यांचं बिऱ्हाड होतं. मला पोहता येत नाही. माझ्या भोरला नीरा नदी आहे, पण तिच्याशी मी कधी ओळख वाढवली नव्हती. त्या काहिलीत बसलो की बुडायची भीती वर राहायची आणि मुंग्या खालून चावायच्या.

आणि जकात. बेटावर पाऊल ठेवायचं तर जकात द्यावी लागे, ती म्हणजे एक मूठ माती. यात तात्यांची राजनीती नव्हती, गरज होती. लाटांनी बेटाच्या कडा दरसाल धुऊन जात आणि माथ्यावर खडक उघडा पडत चालला होता. तेव्हा जो येईल त्याने आपल्या गावची माती आणावी, असा नियम होता. माहेरवाशिणी ओच्यात आणत, पाहुणे रुमालाच्या टोकाला बांधून आणत. धक्क्यावर तात्या उभे राहत आणि विचारत, "कोन, कुठला, कशापायी आला? माती आनलीया का?" त्या मातीत काकू वांगी, घेवडा आणि मिरच्या काढत. तात्या जेवताना सांगत, "ह्ये वांगं वरव्याचं. ह्यो घेवडा आंबवड्याच्या मातीतला, म्हनून निबार."

उन्हाळ्यात पाणी ओसरे, चिखलातून पायवाट निघे आणि बेटाचं पुन्हा टेकाड होई. त्या दिवसांत कुणीही चालत येई, जकात बुडे आणि तात्या तापातून उठलेल्या माणसासारखे गप्प गप्प असत.

एकदा आमच्या शाळेच्या तपासणीला दिपोटीसाहेब आले. काळा कोट, पायांत बूट, बोलण्यात पुण्याचा ताठा. त्यांनी दुसरीच्या मुलांना विचारलं, "बेट म्हणजे काय?" चारी बाजूंनी पाणी वगैरे मी घोकून घेतलं होतं. पण पहिल्याच पोराने ठणकावून सांगितलं, "जितं माती द्यावी लागती ती जागा." साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "गेनूतात्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बढती त्या क्षणी वेळवंडीच्या तळाला गेली.

प्रकरण समजल्यावर साहेबांना ते बेट पाहायची हुक्की आली. गोल गोल फिरत आम्ही तिथे पोचलो. साहेबांच्या कपाळाला घाम होता. धक्क्यावर तात्यांनी सलाम ठोकला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. साहेबांनी नाव, गाव, हुद्दा सांगितला. माती मात्र त्यांच्याजवळ नव्हती.

"मग उतरता याचं न्हाई," तात्या म्हणाले.

"अहो, मी सरकारी माणूस आहे!"

"म्या बी व्हतो साहेब. कायदा त्यो कायदा. बसा, वाईच बूट वर करा."

आणि तात्यांनी विळा आणून, साहेबांना काहिलीत बसवून ठेवूनच, त्यांच्या दोन्ही बुटांच्या तळव्यांचा चिखल खरवडून घेतला. ओंजळभर निघाला. मग साहेबांना हात देऊन मानाने वर घेतलं, घोंगडीवर बसवलं, म्हशीचं दूध दिलं आणि बेटाचा इतिहास, हवापाणी, पिकं व लोकसंख्या असा सगळा पाठ म्हणून दाखवला. लोकसंख्येत म्हैस धरली होती. साहेब परतताना मला म्हणाले, "मास्तर, मुलांचं उत्तर काही अगदीच चूक नाही." शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते मी विचारायला गेलो नाही.

असा सगळा आनंदीआनंद चालला होता. तोवर काखेतली ती तान्ही मुलगी, चंद्रा, लग्नाला आली.

कामथडीचं स्थळ सांगून आलं. मुलगा नामदेव पलटणीत शिपाई, दुसरी लढाई पेटलेली, रजेवर आलेला. रजा संपली की बोटीने समुद्रापार जायचा, म्हणून लग्न मार्गशीर्षातच उरकायचं होतं. त्याचे वडील बापूराव हे मोठे रिवाजाचे गृहस्थ. पुणे-सातारा रस्त्याला त्यांचं घर होतं, आणि दारावरून मोटारी जातात याचा त्यांना इतका अभिमान की त्या मोटारी तेच सोडतात असं ऐकणाऱ्याला वाटावं. मुलगी पाहायला ते आले ते पाणी काठोकाठ भरलेलं असताना. माती आणली होती, पण चेहऱ्यावर नाराजी होती. मुलगी पसंत पडली. चंद्रानेही दाराआडून नामदेवला पाहून घेतलं आणि दूध द्यायला आली तेव्हा त्याचा पेला जरा जास्तच भरला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

बापूराव म्हणाले, "पोरगी झ्याक हाय. पर गाव कंचं सांगायचं?"

"उंबरवाडी," तात्या म्हणाले.

"नवी का जुनी?"

"जुनी."

"ती तर बुडाली की."

"बुडाली म्हंजे गेली न्हाई. खाली हाय."

बापूरावांनी पाण्याकडे पाहिलं. मग हातातली सुपारी पुन्हा खिशात घातली. "हे बगा, नवरदेव आला की शिवंवर त्याचं पाय धुवायचं, मान करायचा आन् मगच गावात घ्यायचा. ह्यो आपला रिवाज. ज्या गावाला शीव न्हाई त्या गावात माझा पोरगा बाशिंग बांधून पाय ठेवनार न्हाई. शीव दावा, लगीन करा."

गोष्ट अगदी सोपी होती. नव्या उंबरवाडीच्या शिवेवर पाय धुवायचे, नव्या गावचं नाव सांगायचं आणि मोकळं व्हायचं. सगळ्या गावाने तेच सांगितलं. यमुनाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. चंद्रा मला एकट्याला गाठून म्हणाली, "मास्तर, आमचं आबा तुमचं ऐकत्यात. नव्या गावची शीव चालंल म्हनावं." मी तात्यांना तसं म्हणालो.

त्यांनी तंबाखू चोळून चिलमीत भरली. मग म्हणाले, "मास्तर, नव्या गावात म्या ऱ्हातो का? न्हाई. मग पोरगी देतानाच खोटं गाव सांगू? जाताना तिला कोन, कुठली इचारलं तर तिनं काय सांगायचं?" एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती आणि हा माणूस पाण्याखालच्या एका धोंड्यासाठी अडून बसला होता. मला त्यांचा रागही आला आणि मनातून त्यांचं पटलंही.

शेवटी तात्यांनी कामथडीला निरोप धाडला की शीव दाखवतो, नवरदेवाला घेऊन या.

ठरल्या दिवशी नव्या उंबरवाडीच्या काठावर ही गर्दी. सनई, हलगी, करवल्या सगळं काठावर. भटजींनी काहिलीकडे एकदा पाहिलं आणि शास्त्रात लगेच सोय काढली. मंत्र काठावरून म्हटले तरी पोचतात, म्हणाले. काहिलीत चौघेच बसलो. मुंडावळ्या बांधलेला नामदेव, जरीच्या पटक्यातले बापूराव, एक खोरं घेऊन तात्या आणि दुसरं खोरं घेऊन मी. मी का, तर माझं वजन कमी. मधोमध काकूंचं माहेरचं तांब्याचं ताम्हन, हळदकुंकू, नारळ आणि पाण्याचा लोटा.

तात्यांची खूण पक्की होती. समोरच्या डोंगराचं नाक नव्या देवळाच्या कळसामागे आलं की बरोबर खाली जुन्या गावच्या शिवेचा धोंडा. आम्ही निघालो. भटजींनी मंत्र सुरू केले, पण वारा उलटा होता, त्यामुळे निम्मे मंत्र धरणाकडे गेले. निम्म्या वाटेत बापूरावांना मुंगी चावली. ते सरकून नामदेवच्या बाजूला गेले. काहील त्या अंगाला कलली आणि फिरायला लागली. डोंगराचं नाक, कळस, बेट, धरणाची बाजू, पुन्हा डोंगराचं नाक, असा सगळा मुलूख आमच्याभोवती फेर धरू लागला. मी डोळे मिटून खोरं मारत होतो, आणि ते उलट्या दिशेने मारत होतो असं तात्यांचं म्हणणं पडलं.

"तात्या, कुठे आलो?"

"गप ऱ्हावा, मास्तर."

इतक्यात ठिगळातून पाणी यायला लागलं. बापूरावांनी धोतर वर धरलं. "इवाई, शीव ऱ्हाऊंद्या आता. पाय भिजायला लागलं."

"भिजूंद्यात," तात्या म्हणाले. "न्हाईतरी धुवायचंच हाईत."

त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा कळसाकडे. ते दोन्ही त्या वेळी एकमेकांपासून लांब होते हे मला दिसत होतं. पण तात्यांनी खोरं खाली ठेवलं, छाती पुढे काढली आणि पलटणीच्या आवाजात सांगितलं, "हीच शीव."

नामदेवचे पाय ताम्हनात घेऊन त्यांनी धुतले, पुसले, कुंकू लावलं, नारळ दिला. तो पोरगा सगळा वेळ हसू दाबून बसला होता. मग पाय धुतलेलं पाणी शिवेवर सोडण्यासाठी तात्या ताम्हन घेऊन काठावरून वाकले. काहील कलली. बापूरावांनी घाबरून त्यांचा हातच धरला, आणि ताम्हन निसटलं. एकदा चमकलं आणि खाली गेलं.

आता लग्न मोडलं, असं मी मनाशी धरलं. बापूराव पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"घेतलं," ते हळूच म्हणाले. "मानाचं ताम्हन मागून घेतलं तिनं. शीव हाय."

सुपारी त्यांनी तिथेच, घोट्याएवढ्या पाण्यात, तात्यांच्या हातावर ठेवली. माणूस रिवाजाचा असला की असाही उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी लग्न बेटावर लागलं. जिथे जिथे म्हणून जुन्या उंबरवाडीची माणसं पांगली होती तिथून ती आली, आणि प्रत्येकाने जकात आणली. कुणी मूठभर, कुणी पाटीभर. नवं ठिगळ लावलेली काहील सकाळपासून खेपा घालत होती. तात्यांनी ती सगळी माती एका जागी ओतून घेतली आणि तिचंच बहुलं बांधलं. ज्या ज्या गावी उंबरवाडी वाहून गेली होती, त्या त्या गावच्या मातीवर चंद्रा उभी राहिली. म्हाताऱ्या बायका बहुल्याला हात लावून बोटं कपाळाला लावत होत्या. माझ्या अक्षता टाकायच्या राहिल्या, त्या परत येताना मुठीतच सापडल्या.

नामदेव रजा संपवून गेला. बोटीत चढला एवढं कळलं, पुढे काहीच कळेना. चंद्रा कामथडीला नांदत होती.

त्या वर्षी वैशाखात पाणी नेहमीपेक्षा फारच खाली गेलं. जुनी उंबरवाडी उघडी पडली. म्हणजे भिंतींचे पाये, दगडी उंबरे आणि भेगाळलेला गाळ. यमुनाकाकूंनी एकच धोसरा लावला, "माझं ताम्हन आनून द्या." मग तात्या, काकू आणि मी असे तिघे निघालो. चालताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गावात भिंत म्हणून एकही उरली नव्हती, पण तात्या गल्लीगल्लीनेच चालत होते. जिथे वळण होतं तिथे वळत होते. मी सरळ एका भिंतीच्या पायावरून पलीकडे गेलो तर म्हणाले, "मास्तर, लोकांच्या सैपाकघरातनं कुठं चाललाय?" मी मागे फिरलो आणि दारातून बाहेर आलो.

ओढ्याच्या कडेला शिवेचा धोंडा उभा होता, शेवाळाने माखलेला. त्याच्या आसपास आम्ही गाळ उकरला. ताम्हन नाही. काकू कंटाळून परत फिरल्या. थोड्या वेळाने त्यांची हाक आली. आम्ही गेलो तर त्या आपल्या जुन्या घराच्या परसात उभ्या होत्या, ताम्हन हातात घेऊन.

"कुठं गावलं?" तात्यांनी विचारलं.

काकूंनी पायाशी बोट दाखवलं. घरचा उकिरडा होता तो.

"बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हनत्यात," काकू म्हणाल्या. "त्यो असा फिटला. जावयाचं पाय उकिरड्यावर धुतलं आपन."

मला हसू फुटलं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून ते तसंच विरलं. त्या मटकन खाली बसल्या. "शिवंवर पाय न धुता लेकराला गावात आनला हो. मदोमद आनला. आन् तसाच त्यो लढाईवर गेला." बोलता बोलता त्या ताम्हनातला गाळ पदराने पुसत होत्या. तात्या मागे वळले आणि गल्लीने, वळणं घेत, बेटाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पहार आणि नव्या गावातून मागून आणलेली बैलजोडी घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. "मास्तर, चला. शीव हलवायची हाय."

"शिवेचा धोंडा हलवणं पाप असतं, तात्या. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनालेत आधीच. त्या खडकावर साहेबानं झेंडा एका जागचा काढून दुसऱ्या जागी रवला. वारा लागत न्हाई म्हनला. राज्य हललं का? न्हाई. जुन्या शिवंच्या आत आता निस्ते मासं हाईत. त्यास्नी शीव कशाला? मान्सं जितं, शीव तितं."

ओंडक्यांच्या घसरगाडीवर धोंडा बांधला. सरळ ओढला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण तात्यांनी बैल कुणाच्याही घरातून जाऊ दिले नाहीत. चावडीवरून, देवळाच्या मागून, तेल्याच्या बोळातून आम्ही तो धोंडा नसलेल्या भिंतींना वळसे घालत आणला. तेल्याच्या बोळात गाडी अडकली, कारण बोळ अरुंद होता. तिथे कुठे काही नव्हतं, तरी बैल उलटे फिरवून आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. मी चिडलो, ओरडलो, आणि वळसा घातला.

परसातला उकिरड्याचा खड्डा तात्यांनी आधी रिकामा केला. इतक्या वर्षांचं काळंभोर खत. ते त्यांनी पाटी पाटी बेटावर नेलं. त्या खड्ड्यात धोंडा उभा केला, ठोकून पक्का केला. काकूंनी त्याला कुंकू लावलं, त्याच ताम्हनातून पाणी घातलं आणि पुष्कळ वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. तात्या म्हणाले, "आता पाय शिवंवरच धुतल्यात. कुनाच्या बापाला इचारायचं न्हाई." मी म्हणालो, "तात्या, गाव फार लहान झालं तुमचं." ते म्हणाले, "आमच्यापुरतं हाय."

पुढे माझी बदली वेल्ह्याला झाली. तिकडे बेटही नव्हतं आणि काहीलही नव्हती, तरी करमेना. लढाई संपल्यानंतरच्या दिवाळीत मी दोन दिवस चालत उंबरवाडीला आलो. त्यानंतर तात्यांची माझी गाठ पडली नाही. त्यामुळे ते मला आठवतात ते त्या संध्याकाळचे.

पाणी भरलेलं होतं. मी काठावर पोचलो तेव्हा काहील मधोमध होती. तीत चंद्रा होती, तिच्या मांडीवर ट्रंक होती आणि शेजारी खाकी कपड्यांतला नामदेव होता, वाळलेला, काळवंडलेला, पण धड. तात्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनी खोरं उचलून धरलं आणि काहील थांबवली, म्हणजे ती तिथेच गोल फिरायला लागली. ते जावयाशी काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि त्याच्या बुटांवर घातलं. नामदेव या खेपेला हसला नाही. तो सासऱ्याच्या पाया पडायला वाकला, काहील कलली, चंद्राने दोघांनाही धरलं, आणि तिघं तसेच एकमेकांना धरून फिरत राहिले.

बेटावर वेळूच्या काठीला कंदील लागला होता. त्याखालून यमुनाकाकूंची हाक आली, "भाकरी निवाल्या. त्या उकिरड्यावर किती येळ हुबं ऱ्हानार हाय?"

तात्यांनी खोरं पाण्यात घातलं. तेवढ्यात फिरता फिरता त्यांचं तोंड काठाकडे आलं आणि मी त्यांना दिसलो.

"कोन, कुठला, कशापायी आला?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"मास्तर," मी ओरडलो. "वेल्ह्याचा. तुम्हाला भेटायला."

"माती आनलीया का?"

मी रुमालाची गाठ वर करून दाखवली.

"मग थांबा," ते म्हणाले. "ह्यास्नी सोडतो आन् आलो."

मी गाठ मांडीवर घेऊन काठावर बसलो आणि काहील यायची वाट पाहू लागलो.